परक्या घरी आपली लेक, आणि आपल्या घरी?



गेल्या अष्टमीला मंदिरातून निघताना आपल्यातल्याच एका बाईंनी मला पायरीवर थांबवलं. त्यांची मुलगी फिजिओथेरपी शिकली आहे. तिला वर्षभर जर्मनीत सेवाकामाला जायचं आहे. काम वृद्धाश्रमात आणि राहणं एका जर्मन कुटुंबात. बाई म्हणाल्या, "ताई, काम पुण्याचंच आहे. पण त्या घरात राहायचं म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरात काय काय शिजत असेल! वसतिगृह असतं तर मी कधीच हो म्हटलं असतं."

मला विचारलं, कारण आमच्या घरातली एक मुलगी असं वर्ष काढून आली आहे. त्या दिवशी चपला घालता घालता सुचलं तेवढं सांगितलं, उरलेलं इथे लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. मुलीला पाठवा, आणि कुटुंबातच ठेवा. पण पाठवण्याआधी आपल्या घराकडेही एकदा बघा. ते का, हे शेवटी सांगेन, कारण ते सांगायला मला थोडं जड जातं.

ती मुलगी म्हणजे माझी पुतणी, धाकट्या दिरांची लेक. मला मोठीआई म्हणते. आमचं एकत्र कुटुंब, कळमन्याच्या बाजारात अडतीचं दुकान. तिने जाण्याचं काढलं तेव्हा घरात आधी खर्चाचा प्रश्न आला आणि मी बी.कॉम. म्हणून कागद माझ्या हातात आले. जर्मन सरकारचा 'वेल्टवेर्ट्स' नावाचा कार्यक्रम आहे, २००८ पासूनचा. आधी त्यांची मुलंच आपल्याकडे, आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत यायची. २०१३ पासून उलटी वाटही सुरू झाली. वयाची अट १८ ते २८. पगार नाही, पण राहणं, जेवण, विमा आणि थोडा हातखर्च मिळतो. हिशेबात खोट नव्हती. खोट निघाली ती माझ्या उपदेशात.

मी तिची पेटी भरली. दशम्या, भाजके पोहे, मेतकूट, मुगाचे पापड, छोटा कुकर. आणि बजावलं, "त्यांच्या भांड्यातलं काही खायचं नाही. तुझं तू खोलीत करून खा. उगाच सगळं सांगत बसू नको, लोक हसतात."

पोरीने ऐकलं. तीन आठवडे ती दार लावून पोहे भिजवून खात राहिली. संध्याकाळी घरचे सगळे टेबलाशी बसले की ही समोर एक सफरचंद घेऊन बसायची आणि भूक नाही म्हणायची. त्या घरच्या बाईंना काय वाटलं असेल? आपल्याकडे आलेली पाहुणी तीन आठवडे ताटाला हात लावत नाही म्हटल्यावर आपल्याला जे वाटेल तेच. त्यांनी संस्थेकडे विचारणा केली, मुलीला आमच्याकडे आवडत नाही का, तिला दुसरं घर हवं आहे का? त्या रात्री पुतणीचा रडत फोन आला. मी सांगितलेल्या गप्प राहण्याने एक भलं घर दुखावलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती बाईंजवळ बसली आणि सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. बाईंनी कागद घेतला आणि दोन रकाने आखले, चालतं आणि चालत नाही. मांस, मासे, अंडी नाही. मध नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर नाही. सूर्यास्तानंतर जेवण नाही. तो कागद फ्रिजवर लागला आणि वर्षभर तिथेच राहिला. बाईंनी तिच्यासाठी एक नवी कढई आणि लाकडी चमचा आणला, वेगळ्या खणात ठेवला, आणि घरातल्या मुलांना सांगितलं, याला हात लावायचा नाही.

मग खरी गंमत सुरू झाली. तिकडे डिसेंबरात चार वाजून गेले की थोड्याच वेळात सूर्य मावळतो, आणि हिचं काम सुटायचं चार वाजता. बाई सकाळी दोन डबे भरून द्यायच्या, दुसरा साडेतीनला खायचा. संध्याकाळी ती गरम पाण्याचा पेला घेऊन टेबलाशी बसायची. आता कोणाला वाईट वाटत नव्हतं, कारण हिचा जेवणाचा दिवस संपला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. जूनमध्ये उलट, साडेनऊपर्यंत उजेड!

चीजच्या पाकिटावरची बारीक अक्षरं ती मला फोनवर वाचून दाखवायची. कित्येक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. गोळ्या-जेलीत जिलेटिन असतं, ते हाडं-कातड्यापासून होतं. आपण इथे हिरवा ठिपका पाहून निश्चिंत होतो, तिकडे तसा सक्तीचा ठिपका नाही. आणि वसंतात पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसचा हंगाम आला. तो मातीच्या ढिगाखाली वाढवतात, ऊन लागू देत नाहीत, म्हणून पांढरा राहतो. बाईंनी विचारलं, "हे तुमच्या मुळांत धरायचं की कोंबात?" प्रश्न माझ्यापर्यंत आला. आहे तो कोंबच, पण मातीत दडलेला. मी म्हटलं, शंका असेल तर सोडून दे. दुसऱ्या दिवशी बाईंनी जमिनीवर उन्हात वाढणारा हिरवा आणून शिजवला. मैत्रिणींनो, माझ्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षांत एखाद्या भाजीचा एवढा विचार कोणी केला नसेल.

म्हणून मी कुटुंबच म्हणते. वसतिगृहात मुलगी आपलं आपण काहीतरी शिजवेल आणि नियम पाळेलही, पण ते दार लावून पाळलेले नियम. कोणी विचारलंच नाही तर तिला स्वतःला कळणार कसं, की हा नियम माझा आहे की आईच्या भीतीचा? परक्या टेबलाशी बसून, आवाज न चढवता, मी हे का खात नाही हे सांगावं लागलं तेव्हा आमची पोरगी पहिल्यांदा आपल्या धर्माविषयी विचार करायला लागली. तिथून तिने माझ्याकडे पुस्तकं मागितली.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे दिग्व्रत आहे, दिशांची मर्यादा आहे, इतक्या दूर जायचंच कशाला? दिग्व्रत आपली हाव आणि हिंसा आवरण्यासाठी आहे, असं मी समजते. व्यापारासाठी मुलं दुबईला, अमेरिकेला जातात तेव्हा कोणाला दिग्व्रत आठवत नाही. म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायला मुलगी निघाली की बरोबर आठवतं. आणि वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हे आपल्याकडे अंतरंग तपांत मोजलं आहे.

हा वाद जुनाच आहे. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं निमंत्रण आत्मारामजी महाराजांना आलं. मुनींना समुद्रप्रवास वर्ज्य, म्हणून श्रावक वीरचंद गांधी गेले. ते परतल्यावर समाजातल्या काहींनी आक्षेप घेतलाच. पण त्याच वीरचंदभाईंनी पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात अमेरिकेतून जहाजभर धान्य भारतात यावं म्हणून खटपट केली. आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते. सोलापूरचे डॉ. कोटणीसही त्याच पथकात, ते तिकडेच १९४२ मध्ये वारले. सेवेसाठी समुद्र ओलांडणारी माणसं आपल्या मातीत नवी नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती आनंदीबाई जोशी. ती शिकायला गेली होती, सेवाकामाला नाही, पण राहणं परक्याच घरी होतं. १८८३ साली अठरा वर्षांची मुलगी अमेरिकेला पोचली आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी उतरली. शाकाहार आणि साडी सांभाळून राहिली. बाईंना ती मावशी म्हणायची. १८८६ मध्ये डॉक्टर झाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेली, बावीस वर्षंही पुरी नव्हती. तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि त्यांनी त्या पोकीप्सीच्या स्मशानभूमीत आपल्या घराण्याच्या जागेत ठेवल्या. आपण आनंदीबाईचं धैर्य मुलींना सांगतो, ते सांगावंच. पण दार उघडणाऱ्या त्या दुसऱ्या बाईबद्दल आपण किती बोलतो?

इथे मी माझ्या जड गोष्टीशी येते.

माझं लग्न झालं तेव्हा दुकान सासरे बघायचे. मिरचीच्या हंगामात भिवापूर-उमरेडकडचे शेतकरी माल घेऊन यायचे आणि कित्येकदा रात्री आमच्या ओसरीवरच झोपायचे. सासूबाई कोणाला उपाशी झोपू द्यायच्या नाहीत, याचं आम्हाला कौतुक होतं. पण त्यांचे कप आणि थाळ्या वेगळ्या होत्या. बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेल्या. चहा पिऊन ते स्वतःच कप विसळून कोनाड्यात ठेवायचे, मान खाली घालून. मी सून म्हणून आले आणि तेच पुढे चालवलं. कधी प्रश्न पडला नाही.

पुतणीने फोनवर नव्या कढईचं सांगितलं तेव्हा मला तो कोनाडा आठवला. वेगळं भांडं तिकडेही होतं आणि आमच्याकडेही. तिकडे ते पाहुणीच्या नियमाला जपण्यासाठी होतं, आमच्याकडे पाहुण्यापासून स्वतःला जपण्यासाठी.

आणि एवढं कळूनही मी काय केलं? पुतणी परत आल्यावर पुढच्याच वर्षी नागपुरातल्या एका संस्थेचा फोन आला. जर्मनीची एक मुलगी इथल्या शाळेत काम करायला येणार आहे, दहा महिन्यांसाठी घर हवं आहे, तुम्ही ठेवाल का? माझी जाऊ तयार होती. वरची खोली रिकामी होती. नाही म्हणाले ती मीच. चातुर्मासात महाराजांचा चौका लागतो, सोवळं कसं सांभाळणार, ती बाहेर काय खाऊन येईल, कोणते कपडे घालेल. कारणांची यादी माझ्याकडे तयार होती. पुतणी काही बोलली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "मोठीआई, मी राहिले होते ना."

मैत्रिणींनो, आपल्या बारा व्रतांत अतिथिसंविभाग आहे. मुळात ते मुनींच्या आहारदानाचं व्रत, हे मला माहीत आहे. ज्याची येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, म्हणून तर आपण दारात कलश घेऊन उभ्या राहतो. पण समंतभद्राचार्यांनी याच व्रताच्या जागी वैयावृत्त्य ठेवलं आहे. मला त्यातून असं दिसतं की अतिथीला आपल्यातलं देणं आणि सेवा करणं ही दोन वेगळी खाती नाहीत. मग आमच्या पुतणीने वृद्धाश्रमात केली ती सेवा, आणि त्या बाईंनी दोन डबे भरले ती काय होती? महाराजांचा चौका आणि त्या मुलीची खोली एका घरात मावली नसती का? चौका खालच्या मजल्यावर लागतो. मावली असती.

हिशेब आपल्याला कळतो. घेतलेलं एका बाजूला मांडायचं आणि दिलेलं दुसऱ्या बाजूला. आमच्या खात्यात एक वर्ष घेतलेलं आहे आणि दिलेल्या बाजूला काही नाही.

तेव्हा त्या बाईंना, आणि ज्यांच्या मुली जाणार आहेत त्या सगळ्यांना सांगते. नियम मुलीने स्वतः ठरवू द्या, आणि जे ठरतील ते जाण्याआधी त्या घराला लिहून कळवू द्या, म्हणजे ज्यांना जमणार नाही ते आधीच नाही म्हणतील. चालत नाही ते सांगताना चालतं ते जास्त सांगा, वरण-भात, कोबी, वाटाणे, फळं, दही. आठवड्यातून एकदा तिने त्यांना स्वतः रांधून वाढावं. आणि घर खरंच वाईट निघालं, कोणाची वागणूक खटकली, तर त्याच दिवशी संस्थेला सांगून घर बदलून मागायचं, त्यात लाज कसली? माझ्यासारखं 'कोणाला सांगू नको' मात्र शिकवू नका. गप्प बसायला शिकवलेली मुलगी मग खऱ्या संकटातही गप्प बसते.

माझ्यापुरतं म्हणाल तर, गेल्या रविवारी मी आणि जावेने वरच्या खोलीतली रिकामी पोती काढली, भिंतीला चुना मारून घेतला. सोमवारी त्या संस्थेला फोन केला. यंदाच्या मुलांची घरं ठरून गेली आहेत, पुढच्या वर्षी कळवतो म्हणाले. मी माझा नंबर दोनदा सांगितला.

जय जिनेंद्र.