झोपेची भेळ

हल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये बिस्किटांच्या पुड्याऐवजी डब्या सापडतात. अश्वगंधा, मॅग्नेशियम, मेलाटोनिन, शिवाय जटामांसीचं चूर्ण. ‘नॅचरल आहे रे सगळं, मिक्स करून घेतो,’ असं सांगणाऱ्या मित्राचाच रात्री दोनला मेसेज येतो... ‘जागा आहेस?’

अशा वेळी मला अलोरे आठवतं. चिपळूण तालुक्यातली ही कोयना प्रकल्पाची कॉलनी. मामा पोफळीच्या पॉवर हाऊसला शिफ्टमध्ये. डोंगराच्या पोटातलं काम, तिथे दिवस काय नि रात्र काय! नाइट करून आला की मामी खिडक्यांवर जाड चादरी टाकायची, आम्हा पोरांना दम द्यायची आणि त्याला कपभर कोमट दूध. त्यात जायफळ, पण चिमूटभरच.

जायफळ तसं कोकणातलं घरचंच. नारळी-पोफळीच्या सावलीत वाढतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ नावाचा वाणही दिलाय. मग हात आखडता का? कारण त्यात मिरिस्टिसिन असतं. एक-दोन चमचे पूड पोटात गेली तर छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, भासही होतात. नॅचरल म्हणजे निरुपद्रवी नव्हे!

अश्वगंधेचंही तेच. थायरॉइडच्या औषधाशी तिचं जमेलच असं नाही, क्वचित लिव्हरला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. झोपेची किंवा अ‍ॅलर्जीची गोळी चालू असेल तर गुंगीवर गुंगी चढते. मेलाटोनिन जेट लॅगला कामाचं, पण जुनाट निद्रानाशासाठी अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये त्याची शिफारस केली नाही. आणि चार गोष्टी एकदम घेतल्या तर गुण कुणाचा, त्रास कुणाचा, कळणार कसं?

तेव्हा घ्यायचंच तर एका वेळी एकच, थोडं, दोन आठवडे, आणि वहीत नोंद ठेवून. दुसरं औषध चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टर. संध्याकाळी सहाच्या कॉफीतलं जवळपास अर्धं कॅफिन अकरालाही अंगात असतं, हेही लक्षात ठेवा. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने असंच चाललं असेल तर मात्र डबी बाजूला. झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी सीबीटी ही उपचारपद्धत गोळीच्या आधी, असं अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या कॉलेजने २०१६ मध्येच सांगितलंय.

आणि चादरी? त्या फुकट आहेत, बॉस! अंधार करा, मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला लावा. गुड नाइट!