जास्त मतं घेऊनही उमेदवार हरतो कसा? अमेरिकेची निवडणूक समजून घ्या अनसिंगच्या भाषेत

२०१६ ची गोष्ट. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २९ लाख मतं जास्त पडली. अध्यक्ष झाले ट्रम्प.

हे कसं शक्य आहे, असा प्रश्न दर चार वर्षांनी आपल्या फोनवर फिरतो. उत्तर मात्र वॉशिंग्टनपेक्षा वाशीम जिल्ह्यात लवकर सापडतं.

थेट की सदस्यांमधून?

अनसिंगसारख्या गावात सरपंच कोण निवडणार, हा नियम पाच वर्षांत तीनदा बदलला. आधी निवडून आलेले सदस्य सरपंच निवडायचे. २०१७ मध्ये फडणवीस सरकारने सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरवलं. २०२० मध्ये महाविकास आघाडीने ते रद्द केलं. २०२२ मध्ये शिंदे-फडणवीस सरकारने पुन्हा थेट निवड आणली.

दोन्ही बाजूंचं म्हणणं गावाला पाठ आहे. सदस्यांमधून निवड म्हटली की फोडाफोडी आली, सदस्यांना सहलीला नेणं आलं. थेट निवड म्हटली की सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनलचं, मग कामं अडकली.

१७८७ मध्ये अमेरिकेची राज्यघटना लिहिताना हाच वाद झाला. अध्यक्ष संसदेने निवडायचा की जनतेने? त्यात गुलामगिरीचाही मुद्दा होता. दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामांना मत नव्हतं, पण लोकसंख्या मोजताना पाच गुलामांमागे तीन माणसं धरली जायची. प्रतिनिधींमार्फत निवड झाली तर या राज्यांचं वजन वाढणार होतं. शेवटी मधला मार्ग निघाला.

इलेक्टोरल कॉलेज

तोच हा मधला मार्ग. मतदार मत देतात, त्यातून प्रत्येक राज्याचे प्रतिनिधी ठरतात आणि ते अध्यक्ष निवडतात. एकूण प्रतिनिधी ५३८, जिंकायला हवेत २७०. कॅलिफोर्नियाचे ५४, छोट्या वायोमिंगचे ३.

विनर टेक्स ऑल

खरी मेख इथे आहे. ५० पैकी ४८ राज्यांत जो पुढे, त्याला त्या राज्याचे सगळे प्रतिनिधी मिळतात. मेन आणि नेब्रास्का तेवढे अपवाद.

समजा, एका गावात ५ वॉर्ड आहेत, प्रत्येकात १०० मतं आणि एक सदस्य. पहिल्या पॅनलने तीन वॉर्ड ५१-४९ असे जिंकले आणि उरलेल्या दोन वॉर्डांत त्यांना फक्त दहा-दहा मतं पडली. त्यांची एकूण मतं १७३, समोरच्यांची ३२७. पण सदस्य तीन विरुद्ध दोन, म्हणजे सदस्यांनी निवडलेला सरपंच पहिल्या पॅनलचा. २०१६ मध्ये असंच काहीसं झालं. १८२४, १८७६, १८८८ आणि २००० मध्येही कमी मतं मिळालेला उमेदवारच अध्यक्ष झाला होता.

स्विंग स्टेट

काठावरचे वॉर्ड. जिथे निकाल आधीच ठरलेला असतो, तिथे प्रचारात कोण वेळ घालवणार? २०२४ मध्ये सगळी धावपळ पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, जॉर्जिया अशा सात राज्यांभोवती होती. ट्रम्प यांनी सातही जिंकली.

प्रायमरी आणि कॉकस

पॅनलचा उमेदवार कोण, हे आपल्याकडे चार पुढारी बसून ठरवतात. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवायलाही मतदान होतं, ती प्रायमरी. सभा घेऊन, चर्चा करून ठरवलं तर कॉकस.

फेथलेस इलेक्टर

आपल्या भाषेत, फुटलेला सदस्य. २०१६ मध्ये सात प्रतिनिधींनी ठरल्यापेक्षा वेगळं मत दिलं. राज्यं अशा प्रतिनिधींना बांधून ठेवू शकतात, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

मंगळवारच का?

हा नियम १८४५ चा. तेव्हा बहुतेक मतदार शेतकरी. रविवारी चर्च, बुधवारी अनेक ठिकाणी बाजार. घोडागाडीने मतदानाला जाऊन यायला मधला दिवस बरा. घोडे गेले, मंगळवार राहिला.

मग नियम बदलत का नाहीत?

प्रयत्न झाला होता. थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती १९६९ मध्ये खालच्या सभागृहात ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर झाली, पण सिनेटमध्ये अडकली. घटना बदलायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ३८ राज्यांची संमती लागते. ज्या राज्यांना सध्याच्या पद्धतीचा फायदा आहे, ती हो कशाला म्हणतील?

आपल्याकडे गंमत उलटी आहे. तिथे नियम बदलता बदलत नाही, इथे सरकार बदललं की नियम बदलतो. तिन्ही वेळा निर्णय मुंबईत झाला. सरपंच ज्यांचा, त्या गावकऱ्यांना एकदाही विचारलं गेलं नाही.

थेट निवड चांगली की सदस्यांमधून, यावर मतभेद असू शकतात. पण मतं कशी मोजायची हे ठरवणारा निम्मी निवडणूक आधीच जिंकलेला असतो. त्यामुळे पुढच्या वेळी नियम बदलण्याची बातमी आली की एवढंच विचारा: हा बदल आत्ताच का, आणि फायदा कोणाचा?