नकाशा कुणाचा, नाव कुणाचे?

ज्याच्या हाती नकाशा, त्याच्या हाती भूमी, हे इंग्रजांनी पुरते ओळखले होते. प्लासीनंतर दहाच वर्षांत, १७६७ साली, त्यांनी भारतीय सर्वेक्षण विभाग उभा केला. मद्रासहून मोजणी करीत निघालेला लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटास निवर्तला. मोजणी मात्र थांबली नाही. ही चिकाटी मान्य करावी. तिच्यामागचा हेतू महसुलाचा व फौजेचा होता, हेही विसरू नये.

स्वतंत्र भारताचा हेतू कोणता? मुंबईच्या समुद्रातील घारापुरी पाहा. दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्यास ‘एलिफंटा’ म्हटले. तो हत्ती आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. हत्ती गेला, परके नाव तेवढे चिकटून राहिले! राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर ही तेथील गावांची नावे किती पर्यटकांना ठाऊक आहेत? त्याच गावांत समुद्राखालून वीज पोहोचण्यास २०१८ साल उजाडावे लागले.

सुमारे अडीच किलोमीटर लांबीचे हे बेट पन्नास हजारांश प्रमाणाच्या नकाशावर जेमतेम पाच सेंटीमीटर भरते. झाडीतून बंदराकडे उतरणाऱ्या वाटा तेथे मावणार कशा? २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने २०३० पर्यंत गावे व शहरे पाच ते दहा सेंटीमीटर इतक्या बारकाईने टिपण्याचे ठरविले आहे. वनांसाठी मात्र अर्धा ते एक मीटर पुरेसा मानला आहे. वनात माणसे राहत नाहीत काय?

सूक्ष्म नकाशांमुळे सुरक्षा धोक्यात येते, असा आक्षेप घेतला जाई. परंतु परकीय उपग्रह आपली अंगणे टिपत असताना अंधारात राहिला तो केवळ आपला नागरिक. २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ही विसंगती बरीचशी दूर केली आणि अतिसूक्ष्म माहितीची मालकी भारतीय संस्थांकडेच ठेवली, हे योग्यच झाले.

आता काम समाजाचे आहे. हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूरला समुद्र नाही, पण प्रश्न तोच आहे. गावनकाशातील तुटक रेषांची गाडीवाट आणि पाऊलवाट शिवारात शिल्लक आहे काय? ओढ्याचे, माळाचे, देवस्थानाचे नाव आजोबांना ठाऊक, नातवाला नाही. ग्रामसभेने ती नावे नोंदवावीत, वाटा पडताळून पाहाव्यात आणि चुका लेखी कळवाव्यात. तरुणांनी वृद्धांना घेऊन शिवारफेरी काढावी. आपण नाव सांगितले नाही, तर दुसरा कुणी ते ठेवील. घारापुरीचा धडा तोच आहे.