आत काय आहे, ते फाइललाच विचारा

भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाकडून १९०१ पासूनचा रोजचा पाऊस कुणालाही उतरवून घेता येतो. पाव अंशाची जाळी, १२९ अक्षांश आणि १३५ रेखांश, म्हणजे दिवसाला १७,४१५ आकडे. हा ऐवज दोन रूपांत मिळतो: नेटसीडीएफ आणि निव्वळ बायनरी.

बायनरी फाइल मुकी. चार-चार बाइटचे आकडे एकामागून एक. नाव नाही, एकक नाही, तारीख नाही. ३६५ दिवसांची फाइल २,५४,२५,९०० बाइटची भरते, एवढाच काय तो पुरावा. रांगा आणि स्तंभांची अदलाबदल करून वाचली तरी गुणाकार तोच येतो. प्रोग्राम हूं की चूं करत नाही, नकाशावर मात्र कोकणातला पाऊस भलतीकडेच पडतो. उणे ९९९ म्हणजे 'नोंद नाही', हे सोबतच्या टिपणात न वाचणाऱ्याची सरासरी उणे निघते. ती चूक निदान लगेच दिसते तरी!

नेटसीडीएफ फाइल स्वतःचा सातबारा बरोबर घेऊन फिरते. अमेरिकेतल्या बोल्डरच्या युनिडेटा या संस्थेने ही रचना १९८०च्या दशकाच्या अखेरीस घडवली. आत कोणते व्हेरिएबल आहेत, त्यांची नावे काय, प्रकार कोणता, पूर्णांक की दशांश, सगळे फाइलीतच नोंदलेले असते. 'एनसीडंप' या साधनाला फक्त मथळा मागितला की यादी पडद्यावर येते. पायथॉनमध्ये दोन ओळींचा लूप पुरतो.

तरीही बरेच जण ही यादी एकदा डोळ्यांनी पाहतात आणि नाव प्रोग्राममध्ये कायमचे ठोकून देतात. दुखणे इथेच आहे. हवामान विभागाच्या फाइलीत पाऊस 'रेनफॉल' या नावाने असतो, मिलिमीटरमध्ये. युरोपच्या ईआरए-५ या हवामानाच्या आकडेवारीत तो 'टीपी' होतो, मीटरमध्ये. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस मीटरमध्ये लिहिला तर ०.९४४, मिलिमीटर समजून वाचणाऱ्याला मुंबईत त्या दिवशी शिंतोडाही पडला नाही असे वाटेल. म्हणून नाव, प्रकार आणि एकक प्रोग्रामनेच दर वेळी विचारावे, एकक सापडले नाही तर तिथेच थांबावे. आणि सार्वजनिक पैशातून गोळा झालेली आकडेवारी आधी बोलक्या रूपात द्यावी, मुक्या रूपात नंतर.

प्रकार लिहिलेलाच नसेल तर काय होते, हे जीवशास्त्रज्ञांना विचारावे. साध्या सीएसव्हीत तो नसतो, मग एक्सेल अंदाज बांधते. 'मार्च१' नावाच्या जनुकाची तारीख झाली, 'सेप्ट२'चीही. २०१६च्या एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात अशा चुका सापडल्या. अखेर २०२०मध्ये जनुकांचीच नावे बदलली, 'मार्च१'चे 'मार्चएफ१' झाले. हा अंदाज बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३मध्ये.