उंचीची पट्टी बाजूला ठेवू या

आंतरहाउस व्हॉलीबॉलचे संघ निवडताना पहिली नजर जाते ती कॅडेटच्या उंचीवर. उंच मुले नेटजवळ उभी राहतात आणि बुटकी मुले मैदानाबाहेर गेलेला चेंडू आणायला धावतात. मी अकरावीत आहे आणि हाउसच्या संघात सेटर आहे. सातवी-आठवीसाठी तरी ही पद्धत बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या खेळाचा जन्मच सर्वांना खेळता यावे म्हणून झाला. १८९५ मध्ये अमेरिकेतील होलिओक येथे वायएमसीएचे व्यायामशिक्षक विल्यम मॉर्गन यांनी तो तयार केला. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रौढ मंडळींना बास्केटबॉलची धक्काबुक्की झेपत नव्हती, म्हणून त्यांनी दोन संघांच्या मध्ये नेट बांधले. सुरुवातीच्या नियमांत खेळाडूंची संख्याही ठरलेली नव्हती. जमतील तेवढ्यांनी खेळावे, अशी रीत होती.

पुढे तो जगभर पसरला, त्यात सैनिकांचा मोठा वाटा आहे. १९१९ मध्ये अमेरिकी सैन्याने आपल्या आणि मित्रराष्ट्रांच्या सैनिकांत १६,००० चेंडू वाटले. छावणीत दोन खांब, एक नेट आणि एक चेंडू असला की खेळ सुरू! १९४७ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९६४ मध्ये टोकियोत हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला. भारताने १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. डिसेंबर २०२३ मध्ये तर पुरुषांची क्लब विश्वविजेतेपद स्पर्धा आपल्या बेंगळुरूतच, कोरमंगलाच्या इनडोअर स्टेडियममध्ये झाली.

कोणी म्हणेल, पुरुषांचे नेट २.४३ मीटर उंच असते, मग उंची नको कशी? मोठ्या स्पर्धेत ती हवीच. पण चांगला रिसीव्ह झाला नाही, तर स्मॅश मारायला चेंडू येणार कुठून? बचावाचे मोल ओळखूनच १९९८ मध्ये ‘लिबेरो’ हा खास बचावाचा खेळाडू नियमांत आला. शिवाय सातवीतला बुटका कॅडेट दहावीत किती उंच होईल, हे आज कोण सांगणार? तोवर त्याच्या हाताला चेंडूची सवयच लागली नसेल, तर नुकसान हाउसचेच आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. कनिष्ठ गटाच्या सामन्यांत हाउसच्या प्रत्येक कॅडेटला निदान एक सेट खेळायला मिळावा. त्यापायी एखादी ट्रॉफी हुकेल. हुकू दे. उद्या सैन्यात तुकडी मिळेल तीही काही उंची पाहून निवडलेली नसेल. समोर असतील त्या जवानांनाच तयार करावे लागेल.

पालकांनाही एक विनंती. सुट्टीत मुलगा घरी आला, की त्याला दाराशी उभे करून उंची जरूर मोजा. पण त्याआधी विचारा, “यंदा किती सामने खेळलास?”