अंगठा, सुरी आणि अप्रेझल

टीममध्ये दोघांचं पटत नसेल तर आयटीतला ठरलेला इलाज म्हणजे आउटिंग. लोणावळ्याचं एखादं रिसॉर्ट, डोळ्यांवर पट्टी बांधून मागे पडायचं, मागच्याने झेलायचं, मग बार्बेक्यू. हा इलाज चालला नाही तर दुसरा सिद्धांत तयारच असतो: "एकदा मोठा क्रायसिस येऊ दे, आपोआप एक होतील!" प्रॉडक्शन डाउन असताना रात्री तीनला सगळ्यांनी मिळून मॅगी खाल्ली की जुनी भांडणं मिटतात म्हणे.

मला हे कधीच पटलेलं नाही. आणि त्यासाठी माझं आवडतं उदाहरण ऑफिसातलं नसून पृथ्वीपासून सुमारे चारशे किलोमीटर वरचं आहे. 'मीर' हे रशियन अंतराळस्थानक, साल १९९७. मी तेव्हा पाळण्यात होतो, त्यामुळे हे सगळं वाचून कळलेलं. पण ज्याने कुणी पाच-सात वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आहेत त्याला यातलं प्रत्येक पात्र ओळखीचं वाटेल, पैज लावतो.

तर मीर. १९८६ साली वर गेलेलं, पाच वर्षांसाठी बनवलेलं, अकराव्या वर्षीही चालू. आपल्या भाषेत लेगसी सिस्टिम. ज्या देशाने बनवलं तो सोव्हिएत युनियन १९९१ मध्येच विसर्जित. पैसे नाहीत, सुटे भाग नाहीत, आणि कालपर्यंतचा शत्रू असलेला अमेरिका आता पैसे देणारा क्लायंट. करार असा की एकेक अमेरिकन अंतराळवीर काही महिने रशियनांबरोबर मीरवर राहणार.

फेब्रुवारी १९९७ मध्ये वासिली त्सिब्लियेव आणि अलेक्सांद्र लाझुत्किन तिथे पोचले. त्सिब्लियेव कमांडर, हवाई दलाचा माणूस. लाझुत्किन फ्लाइट इंजिनियर, पहिलीच खेप. अमेरिकन जेरी लिनेंजर जानेवारीपासून तिथे होताच, तो अमेरिकन नौदलातला डॉक्टर. म्हणजे शीतयुद्धात समोरासमोर उभे राहण्यासाठी तयार केलेली माणसं आता एकाच डब्यात.

पोचून दोन आठवडे होतात न होतात तोच, २३ फेब्रुवारीला, प्राणवायू तयार करणाऱ्या एका नळकांड्याने पेट घेतला. आत सहा माणसं आणि घरी परतायची दोन सोयुझ यानं, त्यातल्या एकाची वाट आगीच्या पलीकडे. आग विझली, सगळे वाचले. आणि मग वाद सुरू झाला तो आग किती वेळ होती यावर! मॉस्को म्हणालं दीड मिनिट. लिनेंजर म्हणाला चौदा मिनिटं. दोन्हीकडे हुशार माणसं, पण आकडासुद्धा कोण कुठल्या बाजूचा यावर ठरला. तणावाचं खरं नुकसान मला इथे दिसतं. माणसं एकमेकांशी गोड बोलत नाहीत याने काही बिघडत नाही. पण बग रिपोर्ट हा बग रिपोर्ट न राहता तक्रार होऊन बसतो, आणि मग तो वाचायच्या आधी लोक पाठवणाऱ्याचं नाव वाचतात.

पुढच्या महिन्यांत प्राणवायूचं यंत्र बंद पडलं, शीतकरणाच्या नळ्या गळायला लागल्या, आत उकाडा. लाझुत्किन दिवसचे दिवस पाइपांतली गळती शोधत फिरतोय. लिनेंजर आपल्या प्रयोगांत आणि आपल्या कोपऱ्यात. त्याचं आणि रशियनांचं फारसं जमलं नाही, ही गोष्ट नंतर लपून राहिली नाही. आणि तरीही २९ एप्रिलला लिनेंजर आणि त्सिब्लियेव यांनी मिळून सुमारे पाच तासांचा स्पेसवॉक केला. त्यात लिनेंजर एका लांबलचक क्रेनच्या टोकाला लटकलेला, आणि त्या क्रेनचं हँडल त्सिब्लियेवच्या हातात. ज्याच्याशी पटत नाही त्याच्या हातात दांडा आणि आपण दुसऱ्या टोकाला, खाली पृथ्वी! लोणावळ्यातला मागे पडायचा खेळ यापुढे काय झक मारतो? काम व्यवस्थित झालं. दोघे आत आले. मित्र वगैरे झाले नाहीत.

मे महिन्यात लिनेंजर परतला आणि त्याच्या जागी मायकेल फोल आला. जन्माने ब्रिटिश, केंब्रिजचा भौतिकशास्त्रज्ञ. आधीच्या माणसाने मागे ठेवलेलं वातावरण त्याला आयतं मिळालं. (प्रोजेक्टमध्ये मधेच घुसलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको.) फोलने पद्धत बदलली. रशियन त्याला चांगली येत होती, तो त्यांच्याबरोबर जेवायला बसायचा, पडेल ते काम करायचा. तसं काही मोठं नाही.

आता मुख्य भानगड. 'प्रोग्रेस' ही मालवाहू यानं मीरला आपोआप येऊन जोडली जायची. त्यासाठीची यंत्रणा कीव्हमध्ये बनायची, आणि कीव्ह आता परदेश. व्हेंडर महाग झाला. मग मॉस्कोने ठरवलं की कमांडरने आतल्या टीव्हीवर बघून, हातात जॉयस्टिक धरून यान आणावं. ४ मार्चला चाचणी झाली. ऐन वेळी टीव्हीवर चित्रच येईना, यान मीरच्या अगदी जवळून निघून गेलं. म्हणजे चाचणी फेल. आता यावर काय करायचं? मॉस्कोला शंका आली की रडारमुळे कॅमेऱ्यात गडबड होते. म्हणून जूनच्या चाचणीला रडार बंद ठेवलं. म्हणजे आता यान किती लांब आहे, किती वेगाने येतंय, हे सांगणारंही काही नाही. इतर दोघांनी खिडकीतून हातातल्या लेझर यंत्राने अंतर मोजायचं, यान दिसलं तर.

२५ जूनला ते दिसलं, पण फार उशिरा. सात टनांच्या आसपासचं यान 'स्पेक्टर' या मॉड्यूलवर आदळलं. भोक पडलं, हवा बाहेर जायला लागली, कानांना दाब कमी होत असल्याचं जाणवायला लागलं.

पुढची काही मिनिटं मला फार आवडतात. फोलला सोयुझकडे जायला सांगितलं होतं. तिथे जाऊन त्याने पळून जायच्या वाटेतल्या केबल काढायला घेतल्या. लाझुत्किन मात्र सरळ स्पेक्टरच्या तोंडाशी, कारण धडक नेमकी कुठे बसली हे त्याने पाहिलं होतं. दार बंद करायचं तर त्यातून आरपार केबलींचा जुडगा गेलेला. लेगसी सिस्टिममध्ये हे असतंच, नाही का? 'तात्पुरती' म्हणून टाकलेली वायर कायमची होते. लाझुत्किन काही केबल कनेक्टरपाशी सोडवतोय, उरलेल्या सुरीने कापतोय. एकातून ठिणग्या उडाल्या, ती चालू होती. फोलला सुरुवातीला खात्री नव्हती की गळती स्पेक्टरमध्येच आहे. ही वेळ वाद घालायची होती आणि नव्हतीही. त्याने लाझुत्किनचं ऐकलं आणि हात चालवायला लागला. झाकण लावलं, आतल्या हवेच्या दाबानेच ते घट्ट बसलं. फोलचं अंथरूण, सामान, सगळं स्पेक्टरमध्ये राहिलं.

स्थानक वाचलं, पण कापलेल्या केबलींबरोबर जवळजवळ निम्मी वीज गेली. धडकेने मीर गिरक्या घेत होतं, सौर पंखे सूर्याकडे राहिनात, बॅटऱ्या संपल्या, पंखे थांबले, काळोख. कॉम्प्युटर बंद, त्यामुळे आपण कसे फिरतोय हे सांगणारं कुणी नाही. फोलने खिडकीशी जाऊन हात लांब केला, अंगठा उभा धरला आणि अंगठ्यामागून तारे किती वेगाने सरकतात त्यावरून गिरकीचा वेग काढला. तो आकडा खाली कळवला, त्यावरून इंजिनं चालवून गिरकी कमी केली. नंतर सोयुझचे थ्रस्टर वापरून स्थानक सूर्याकडे वळवायचं ठरलं. त्सिब्लियेव सोयुझमध्ये, फोल खिडकीशी, इकडून तिकडे ओरडाओरडा. सोयुझचं इंधन म्हणजे घरी जायचं इंधन, हेही लक्षात असू द्या.

इथे फोलचं कौतुक करून थांबता येईल, बरेच जण थांबतात. पण माझ्या डोक्यात राहतो तो त्सिब्लियेव. काही तासांपूर्वी त्याच्याच हातून यान आदळलेलं आहे. १९९४ मध्येही त्याचं सोयुझ मीरला घासलं होतं, म्हणजे रेकॉर्ड आधीच खराब. वर त्याच्या कराराची रीत अशी की स्पेसवॉक, मॅन्युअल डॉकिंग असल्या कामांना बोनस आणि चुकांना कपात. अशा माणसाने "आज रडार नाही, मी करणार नाही" कसं म्हणायचं? माझ्या मते मीरवरचं सगळ्यात बिघडलेलं नातं वरच्या तिघांतलं नव्हतंच. ते वर आणि खाली यांच्यातलं होतं. खालच्यांना वरचे निष्काळजी वाटत होते. वरच्यांना वाटत होतं की खाली बसून बोलायला काय जातंय! ऑनसाइट-ऑफशोअर केलेल्यांनी इथे मान डोलवली असेल.

जुलैत त्सिब्लियेवच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले. मग लाझुत्किनकडून दुरुस्तीच्या तयारीत एक चुकीची केबल निघाली आणि मीर पुन्हा अंधारात. हो, वायर निघाली म्हणून! डेटा सेंटरमध्ये हे झालेलं मी एकापेक्षा जास्त वेळा ऐकलंय. शेवटी दुरुस्तीचं काम पुढच्या टीमवर टाकून दोघांना ऑगस्टमध्ये परत आणलं. उतरताना सोयुझची धक्का कमी करणारी रॉकेटं वेळेआधीच उडाली आणि यान दाणकन आपटलं. त्यात तरी त्यांचा दोष नव्हता बहुतेक :-)

खाली निकाल तयार होता: मानवी चूक. खुद्द राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनीही माणसांकडेच बोट दाखवलं. त्सिब्लियेवने पत्रकारांसमोर स्वतःची बाजू मांडली, सगळा दोष आमच्यावर टाकू नका म्हणाला.

रूट कॉजच्या रकान्यात 'मानवी चूक' लिहिलेलं दिसलं की मी तो रिपोर्ट बाजूला ठेवतो. मार्चमध्ये फसलेली चाचणी जूनमध्ये आणखी कमी माहिती देऊन करायला लावली, हे त्या रकान्यात कुठे बसतं? आणि 'त्यांचं आपसात पटत नव्हतं' ही गोष्ट वरच्यांना फार सोयीची असते. पटत नव्हतं म्हटलं की एक आउटिंग काढून भागतं. पैसे वाचवायला रडार बंद केलं असं म्हटलं तर सही कुणाची ते शोधावं लागतं.

पटत नसलेल्या माणसांबरोबर काम करता येतं, क्रेनच्या टोकाला लटकूनही करता येतं. फक्त समोरच्याने जे डोळ्यांनी पाहिलंय ते त्याच्यावर चिडलेलो असतानाही खरं मानता यायला हवं. हे आउटिंगने येत असेल तर मला पुढच्या वेळी जरूर न्या. आणि ज्याच्या अप्रेझलमध्ये चुकीचे पैसे कापले जाणार आहेत तो आपल्याला काय काय सांगणार नाही, याचाही हिशोब कधीतरी कुणीतरी मांडावा.

असो. २२ ऑगस्टला नव्या टीममधले सोलोव्ह्योव आणि विनोग्रादोव स्पेससूट घालून काळोख्या स्पेक्टरमध्ये शिरले आणि केबली पुन्हा जोडून आले. वीज बरीचशी परत मिळाली, भोक मात्र कधीच बुजलं नाही. २३ मार्च २००१ ला मीर प्रशांत महासागरात पाडलं, तोवर ते मॉड्यूल बंदच होतं. लाझुत्किनला १९९८ मध्ये 'रशियाचा वीर' हा किताब मिळाला. आणि त्सिब्लियेव? २००३ मध्ये तो गागारिन प्रशिक्षण केंद्राचा प्रमुख झाला, म्हणजे जिथे अंतराळवीरांना डॉकिंग शिकवतात तिथलाच.