रंगलेला प्रेक्षक

२ एप्रिल २०११ च्या रात्री मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारताने श्रीलंकेचा पराभव केला आणि अठ्ठावीस वर्षांनी क्रिकेटचा विश्वचषक पुन्हा जिंकला. त्या रात्रीच्या जल्लोषात एक माणूस असा होता, की ज्याने स्पर्धेत एकही चेंडू टाकला नव्हता आणि एकही धाव काढली नव्हती. अंगभर तिरंगी रंग, छातीवर तेंडुलकर हे नाव व १० हा आकडा, मुंडन केलेल्या डोक्यावर भारताच्या नकाशाच्या आकारात राखलेले केस आणि हातात शंख, असा त्याचा वेश होता. सचिन तेंडुलकर यांनी त्याला जवळ बोलावले आणि विश्वचषक त्याच्या हाती दिला. ज्या चषकासाठी तेंडुलकरांना सहा स्पर्धा खेळाव्या लागल्या, तो क्षणभर बिहारमधील मुझफ्फरपूरच्या सुधीरकुमार चौधरी यांच्या हातात होता.

सुधीरकुमार २००३ मध्ये मुझफ्फरपूरहून सायकलने मुंबईला आले, ते तेंडुलकरांना भेटण्यासाठी. पुढे भारताचा सामना जेथे असेल तेथे जायचे, हेच त्यांचे जीवन झाले. त्यासाठी त्यांनी नोकऱ्या सोडल्या. सामन्यांची प्रवेशपत्रे त्यांना खुद्द तेंडुलकरांच्या मदतीने मिळू लागली आणि दूरचित्रवाणीमुळे त्यांचा चेहरा घरोघरी पोहोचला. त्यांच्याविषयी बोलताना लोक सहसा दोनच शब्द वापरतात. कोणी त्यांना खरा देशभक्त म्हणतो, तर कोणी रिकामटेकडा. या दोन्ही शब्दांत विचार करण्याचा आळस आहे.

प्रथम वेशाचाच विचार करू. पडद्यावर दोन-चार सेकंद झळकणाऱ्या या रूपामागे पुष्कळ कष्ट असतात. सर्वांगाला रंग लावण्यास कित्येक तास लागतात. रंग ओला असताना आडवे होता येत नाही. सामना संपल्यावर तो रंग घासून काढावा लागतो आणि दुसऱ्या गावी पुन्हा तेच. महाराष्ट्राला अशा वेशाचे नवल वाटण्याचे कारण नाही. मोरपिसांची टोपी व पायघोळ अंगरखा घालून पहाटे दारी येणारा वासुदेव, किंवा नाना सोंगे घेऊन गावात फिरणारा बहुरूपी, यांना गावाने आपले मानले होते. वासुदेवाची टोपी डोक्यावर चढली, की त्या माणसाला पहाटेची झोप वर्ज्य होई. दारी येऊन त्याने भांडण काढले असते, तर त्याला कोणी पसाभर धान्य घातले नसते. वेश माणसाला मिरवतो, तसाच तो त्याला बांधूनही ठेवतो.

रंगलेल्या प्रेक्षकाचेही असेच आहे, आणि हीच त्याच्या बाजूची सर्वांत मोठी गोष्ट आहे. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचा डाव कोसळू लागला, तेव्हा संतापलेल्या प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या व आसनांना आगी लावल्या. सामना थांबवून श्रीलंकेला विजयी घोषित करावे लागले. विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर गेले, ते दृश्य अनेकांच्या स्मरणात आहे. बाटल्या फेकणारे ते लोक कोण होते, हे कोणालाच ठाऊक नाही. गर्दीला चेहरा नसतो; म्हणूनच तिला लाजही कमी असते. ज्याचा वेश साऱ्या जगाला ठाऊक आहे, त्याला अशी मोकळीक नाही. संघ हरला तरी त्याला ध्वज हातात धरून शेवटपर्यंत बसावे लागते. (ध्वजाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पोशाखावर राष्ट्रध्वज वापरण्याची मुभा कायद्यातील दुरुस्तीने २००५ मध्ये मिळाली, तीही कमरेच्या वरच्या भागापुरती आणि ध्वजाचा मान राखण्याच्या अटीवर. उत्साहाच्या भरात अनेक प्रेक्षक ही मर्यादा विसरतात.)

श्रीलंकेचे पर्सी अबेसेकेरा यांचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. अनेक दशके ते मोठा ध्वज घेऊन मैदानावर येत आणि यमके जुळवून खेळाडूंना उत्तेजन देत. त्यांच्या विनोदात पाहुण्या संघाचे खेळाडूही सुटत नसत, पण त्यांच्या बोलण्याला डंख नसे. त्यामुळे परदेशी खेळाडूही त्यांना ओळखत व मान देत. सप्टेंबर २०२३ मध्ये आशिया चषकाच्या वेळी पर्सी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा भारताचे कर्णधार रोहित शर्मा त्यांच्या कोलंबोतील घरी जाऊन त्यांना भेटले. पुढच्याच महिन्यात पर्सी यांचे निधन झाले. परक्या संघाचा कर्णधार एका प्रेक्षकाच्या घराची पायरी चढतो, हा मान रंगाने किंवा ध्वजाने मिळत नाही. समोरच्याचा चांगला खेळ डोळे भरून पाहण्याची वृत्ती त्यामागे असते. ती वृत्ती ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईच्या प्रेक्षकांनीही दाखवली होती. तेंडुलकरांच्या १३६ धावांनंतरही भारत केवळ बारा धावांनी हरला, आणि विजयी पाकिस्तानी संघासाठी ते मैदान उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या हजारो लोकांपैकी बहुतेकांनी काहीही रंगवलेले नव्हते.

आता दुसरी बाजू. 'घरचे खाऊन लष्करच्या भाकरी भाजणे' ही म्हण ज्याने रचली, त्याला असे प्रेक्षक ठाऊक असावेत असे वाटते. स्पेनमध्ये मानोलो या नावाने प्रसिद्ध असलेले मान्युएल कासेरेस भला मोठा ढोल घेऊन फुटबॉलच्या दहा विश्वचषकांना गेले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा सारा देश हळहळला. पण या नादापायी आपला संसार मोडला, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले होते. पाकिस्तानचे 'चाचा क्रिकेट' हिरवा पोशाख घालून मैदाने गाजवत राहिले, त्यासाठी त्यांनी आखाती देशातील नोकरी सोडली. अशा गोष्टी वृत्तपत्रे मोठ्या कौतुकाने छापतात आणि त्यांना 'त्याग' म्हणतात. हा त्याग कोणाचा, असे मात्र क्वचितच विचारले जाते. ढोल वाजवणारा आपल्या इच्छेने घराबाहेर पडतो. घरी मागे राहणाऱ्यांना कोणी विचारलेले नसते. त्यांच्या वाट्याला टाळ्या येत नाहीत आणि चषकही येत नाही. रोज पहाटे उठून कामावर जाणारा, मुलांची फी वेळेवर भरणारा आणि रविवारी शेजाऱ्याच्या दूरचित्रवाणीवर सामना पाहणारा माणूस खेळावर कमी प्रेम करतो, असे मुळीच नाही. नोकरी सोडण्याचे कौतुक करणे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे.

मग मुझफ्फरपूरच्या त्या तरुणाने हा मार्ग का धरला असेल? येथे थोडे थांबून विचार करावा लागतो. मोठ्या सामन्याचे तिकीट सामान्य माणसाला सहजी मिळत नाही, आणि मिळाले तरी हजारोंच्या गर्दीत तो कोणाला दिसत नाही. खेळाडूंच्या निवासस्थानी त्याला द्वारपाल अडवतो. अशा माणसाने अंगाला रंग फासला, की तोच द्वारपाल त्याला ओळखू लागतो. उघड्या अंगावरचा रंग हेच त्याचे ओळखपत्र होते. हे त्याच्या वेडापेक्षा आपल्या समाजाविषयी अधिक सांगणारे आहे.

या रंगाचा लाभ कोणाला होतो, हेही पाहावे. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी आयपीएलच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. इतकी किंमत जे चित्र पाहण्यासाठी मोजली जाते, त्यात प्रेक्षकही असतातच. २०२० मध्ये महासाथीमुळे ही स्पर्धा संयुक्त अरब अमिरातीत रिकाम्या मैदानांवर झाली, तेव्हा प्रेक्षकांचा ध्वनिमुद्रित गलका वाजवावा लागला होता. चौकार गेला आणि कोणी ओरडले नाही, तर तो चौकार वाटेना. प्रेक्षक हा खेळाचा भागीदार आहे, हे त्या एका हंगामाने सिद्ध केले. मात्र या भागीदाराला मिळकतीत वाटा नाही. चित्रवाहिनी त्याचा रंगलेला चेहरा फुकट दाखवते. आणि त्याने त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही, हा त्याचा भोळेपणा म्हणावा की मोठेपणा, हे ठरवणे कठीण आहे.

१६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवरच तेंडुलकर निवृत्त झाले. ज्याच्या नावासाठी छाती रंगवली तो आता मैदानात उतरणार नव्हता. सुधीरकुमार यांनी त्यानंतरही रंग सोडला नाही. तेंडुलकरांची आठवण येते, एवढे शब्द त्यांच्या अंगावरील नावात वाढले. या निष्ठेला हसणे सोपे आहे. पण ज्यांचा सर्व उत्साह विजयाबरोबर येतो व पराभवाबरोबर जातो, त्यांनी तरी हसू नये.

ब्राझीलचे क्लोविस फर्नांडिस मोठ्या मिशा, टोपी आणि छातीशी धरलेली विश्वचषकाची प्रतिकृती यांमुळे जगभर ओळखले जात. ८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोंते येथे, स्वतःच्या देशात, ब्राझीलचा जर्मनीकडून ७-१ असा पराभव झाला. त्या सामन्यात चषकाला कवटाळून रडणाऱ्या या वृद्धाचे छायाचित्र जगातील वृत्तपत्रांनी छापले. त्यानंतर जे घडले ते मात्र थोड्याच वृत्तपत्रांत आले. सामना संपल्यावर त्यांनी तो चषक एका जर्मन मुलीच्या हाती दिला आणि तो अंतिम सामन्याला घेऊन जा, असे तिला सांगितले. पुढच्या वर्षी ते वारले.